ही दोन्ही पत्रं तुमचीच का?

फोन दुपारी आला. ग्राहकसेवेतल्या ताईंनी तो स्पीकरवर टाकला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. पलीकडे एक निवृत्त गृहस्थ असावेत. आवाज शांत, जरासा शिक्षकी. म्हणाले, "तुमच्या नावानं आलेले दोन मेसेज माझ्यासमोर आहेत. एकात लिहिलंय, 'नमस्कार! तुमची माहिती अपडेट करायची राहिली आहे. दोन मिनिटांचं काम आहे, खाली बटण दिलंय.' दुसऱ्यात लिहिलंय, 'प्रिय ग्राहक, आपणांस कळविण्यात येते की, आपले खाते विहित मुदतीत अद्ययावत न केल्यास सदर सेवा खंडित करण्यात येईल.' यातला खोटा कुठला ते माझ्या लक्षात आलंय, फक्त खात्री करून घ्यायची आहे. दुसरा ना?"

दुसरा आमचा होता. पहिला भामट्यांचा.

ताईंनी फोन म्यूट केला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला. गृहस्थांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे नाव नोंदवल्यापासून त्यांना आलेला प्रत्येक ईमेल 'नमस्कार'नं सुरू व्हायचा, समोर बसल्यासारखा मोकळेपणानं बोलायचा. आणि एके दिवशी अचानक त्याच कंपनीच्या तोंडी 'विहित', 'सदर', 'खंडित'. ओळखीचा माणूस परक्या आवाजात बोलायला लागला की कुणीही दचकतं. भामट्यानं मात्र आमचे जुने ईमेल बारकाईनं वाचले असणार. आमची शैली आमच्यापेक्षा त्यानंच जास्त नीट सांभाळली होती.

कंपनीचं नाव सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही, कारण पुढे ज्या दोन-तीन ठिकाणी काम केलं तिथेही घरोघरी मातीच्याच चुली निघाल्या.

मला तिथे 'मजकूर बघायला' घेतलं होतं. नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव लांबलचक होतं, पण लोक म्हणायचे, "तिला दाखव, ती शुद्धलेखन बघते." आणि मीही तेच माझं काम समजत होते. ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं, दोन वाक्यं कापायची, एखादा 'सुद्धा' जोडून टाकायचा. त्या फोननंतर पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की माझ्यापर्यंत येतं ते किती, आणि बाहेर जातं ते किती?

आठवडाभर मी मागणी करत फिरले: ग्राहकाच्या डोळ्यांपुढे जे जे म्हणून जातं ते सगळं मला द्या. जाहिराती मार्केटिंगच्या, त्या माहीत होत्या. बिलाखालच्या बारीक ओळी हिशेब विभागाच्या. अटी कायदा विभागाच्या. फोनवर वाचून दाखवायची वाक्यं ताईंच्या चमूनं आपापल्या वहीत लिहून ठेवलेली. आणि सगळ्यात मोठा ढीग निघाला तो ॲपमधल्या सूचनांचा, ज्या प्रोग्रॅमर मुलांनी रात्री उशिरा, 'पुढे कुणीतरी बदलेल' या भरवशावर लिहिल्या होत्या. ते कुणीतरी कधी आलंच नव्हतं. एक सूचना अक्षरशः अशी होती: 'काहीतरी चूक. इथे नीट मेसेज टाका.' ती दोन वर्षं ग्राहकांना दिसत होती.

सगळं छापून मी मीटिंगच्या लांब टेबलावर पसरलं. दिसायला एखाद्या संमेलनासारखं होतं, प्रत्येकाचा सूर वेगळा. पण माझी नजर अडकली ती सुरावर नव्हे, एका शब्दावर.

ग्राहकाला सेवा नको असेल तर काय करायचं? टेबलावर चार उत्तरं होती: 'थांबवा', 'बंद करा', 'रद्द करा', 'निष्क्रिय करा'. मी आपली शाळेतल्या बाईंसारखी लाल पेन घेऊन यातला चांगला शब्द निवडायला बसले. तेवढ्यात एक प्रोग्रॅमर मुलगा चहाचा कप घेऊन आत डोकावला, टेबलाकडे पाहून म्हणाला, "मॅडम, पण हे एक नाहीये. सिस्टीममध्ये दोन गोष्टी आहेत. एक तात्पुरतं थांबतं, दुसऱ्यात सगळं पुसलं जातं."

"मग 'बंद करा' म्हणजे यातलं कोणतं?"

तो कपात बघत म्हणाला, "बटणावर असेल तर पुसलं जातं. मदतीच्या पानावर असेल तर… ते पान आम्ही लिहिलेलं नाही."

मदतीच्या पानावर लिहिलं होतं, 'काही दिवस सेवा नको असल्यास खातं बंद करा, हवं तेव्हा पुन्हा सुरू करता येईल.' ते वाचून बटण दाबणाऱ्या एका बाईंची सहा वर्षांची नोंद गेली होती. त्यांची तक्रार ताईंच्या वहीत होती, आणि तिच्यापुढे शेरा होता: 'ग्राहकाने स्वतः बंद केले.' शेरा खराच होता, तिथेच तर सगळी गोम होती.

ब्रिटन सरकारच्या वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांना एक सूचना आहे, मला ती फार आवडते: 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' हा प्रकारच ठेवू नका. कारण त्यात मूळ पानावरचीच माहिती दुसऱ्यांदा, दुसऱ्या शब्दांत येते. हे वाचलं तेव्हा मला सहा वर्षांची नोंद गेलेल्या त्या बाई आठवल्या. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधी ना कधी त्या दोन गोष्टी होतात.

आता इथे शहाणपण सुचायला हवं होतं. पण मला चढला उत्साह. मी चौसष्ट पानांची नियमपुस्तिका लिहिली.

अशा पुस्तिकांची गरज पहिल्यांदा पडली ती छापखान्यांना. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्यांसाठी आणि मुद्रितं तपासणाऱ्यांसाठी नियम छापून घेतले. ते होते घरच्या वापरासाठी, पण पुढे बाहेरही इतके हवेहवेसे झाले की १९०४ पासून रीतसर विकायला ठेवावे लागले. शिकागो विद्यापीठाचा छापखाना १८९१ साली सुरू झाला. तिथे प्राध्यापकांची हस्तलिखितं थेट खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात पडत. त्या माणसांनी आपापसातले निर्णय लिहून ठेवायला सुरुवात केली आणि त्या टिपणांचं १९०६ मध्ये पुस्तक झालं. आज त्या पुस्तकाची पानं हजारावर गेली आहेत. हे सगळं वाचून माझी छाती फुगली होती; माझी चौसष्टच होती, म्हणजे मी संयमच दाखवला होता की.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. ते नियम पाळणारे लोक दिवसभर तेच काम करत होते. हातात खिळा, समोर कागद, आणि शंका आली की शेजारी टांगलेला तक्ता. माझी पुस्तिका ज्यांच्यासाठी होती त्यांच्यातल्या कुणाचंच लिहिणं हे काम नव्हतं. हिशेबातल्या माणसाला महिनाअखेरीला आठ ओळी लिहायच्या असतात. तो विभक्तिप्रत्ययांवरचं माझं प्रकरण कधी उघडणार? तीन महिन्यांनी मी मुद्दाम विचारत फिरले. पुस्तिका सगळ्यांकडे होती. एकानं ती मॉनिटरखाली ठेवली होती, उंचीला अगदी बरोबर बसली म्हणाला.

मग ती दोन पानांवर आणली. दोन पानांत काय ठेवायचं हे ठरवताना जी भांडणं झाली, खरं शिक्षण तिथे झालं.

पहिलं भांडण 'तुम्ही' की 'आपण' यावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण मराठीत 'आपण' हा मोठा बिलंदर शब्द आहे. तो आदरार्थी 'तुम्ही'ही असतो आणि 'तुम्ही-आम्ही मिळून'ही असतो. हिशेब विभागाच्या आठवणपत्रात वाक्य होतं, 'आपण मागील हप्ता भरलेला नाही.' एका ग्राहकानं त्यावर उत्तर लिहिलं होतं, 'मग आता आपण काय करू या?' थट्टा असेल, पण चोख होती. शिवाय 'आपल्या खात्यात', 'आपल्या कार्यालयात', यातलं कार्यालय कुणाचं? शेवटी 'तुम्ही' ठरलं. तरी आदर कमी होतो म्हणणारे दोघेजण होते, आणि त्यांचं मत बदललं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी फक्त वाद सोडला.

दुसरं 'केले' की 'केलं'. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ जोडले गेले. अनेक जुने अनुस्वार त्या नियमांनी उडवले. 'कांहीं' आणि 'नांव' लिहिणाऱ्या पिढीला ते बरीच वर्षं जड गेलं असणार. ताईंकडे येणाऱ्या पत्रांत अजूनही एखादं 'कांही' दिसतं, आणि मला का कोण जाणे ते दिसलं की बरं वाटतं. पण 'केलं', 'असं' हे बोलण्यातलं रूप नियमांनी बोलणं उतरवण्यापुरतंच चालवून घेतलं, एरवी 'केले', 'असे'. आमच्या जाहिराती 'केलं'मध्ये होत्या, बिलं 'केले'मध्ये, आणि ॲप दोन्हींत, कधीकधी एकाच वाक्यात. हे ठरवायला एक अख्खी दुपार गेली. ठरलं ते असं: ग्राहकाशी बोलतो तिथे सगळीकडे 'केलं', करारात 'केले', आणि एका पानावर दोन्ही कधीही नाही.

ईमेलचं लिंग हा तिसरा तंटा. तो ईमेल, ती ईमेल की ते ईमेल? सात जणांच्या मीटिंगमध्ये तिन्ही बाजूंना माणसं होती, आणि प्रत्येकाला उरलेले दोन गट अडाणी वाटत होते. मी चिठ्ठ्या टाकू या म्हटलं. तो पुल्लिंगी निघाला. या लेखात मी ते पाळलंय, हवं तर मोजून घ्या. यात बरोबर काहीच नाही, चूकही काही नाही. फक्त पुन्हा त्यावर बोलायला लागू नये. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं इंग्रजी ईमेलमधली जोडरेघ २०११ मध्ये काढली आणि इंटरनेटचं मोठं आद्याक्षर २०१६ मध्ये लहान केलं. म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जे चूक, ते दुसऱ्या दिवसापासून बरोबर. जगातल्या कितीतरी बातमीदारांनी ते मुकाट्यानं घेतलं, कारण कुणीतरी ठरवलंय एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मग 'ॲप'. हा किस्सा मी कुणाला सांगायला लागले की ऐकणारा घड्याळाकडे बघतो, तरी सांगते. आम्ही ठरवलं की जुन्या मजकुरात जिथे 'अप्लिकेशन' आहे तिथे 'ॲप' करायचं, आणि 'ॲप'ची जुनी वाक्यं एकदा तपासायची. शोध लावला, तर निम्मीच सापडली. उरलेली डोळ्यांना दिसत होती, यंत्राला दिसत नव्हती. दोन दिवस मी स्वतःच्या चष्म्यावर संशय घेतला. कारण असं की 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा म्हणजे 'अ' घेऊन त्यावर चंद्र ठेवायचा. दुसरी म्हणजे 'ॲ' हे एकच अखंड अक्षर, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. दिसायला जुळी भावंडं, पण यंत्राच्या लेखी एकमेकांशी नातं नाही. 'ऱ्या'चंही तेच. 'दुसऱ्या'तला तो आडवा र कुणी नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ पासून बनवतो, तर कुणी साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. ग्राहक आमच्या मदतीच्या पानावर 'दुसऱ्या फोनवर' असं शोधायचा आणि उत्तर यायचं, 'काहीही सापडलं नाही.' पान होतं, उत्तरही होतं. टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड निराळा होता, इतकंच. दोन पानांतली एक ओळ मी त्यासाठी राखली आणि त्या ओळीवर सगळे हसले. आजही माझ्या मते त्या कागदावरची सगळ्यात उपयोगी ओळ तीच.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी हरले. 'पासवर्ड'ला 'परवलीचा शब्द' करायचं माझ्या फार मनात होतं. कागदावर लिहिलंही होतं. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "छानच आहे हो. पण फोनवर माणूस म्हणतो 'माझा पासवर्ड चालत नाही', आणि मी म्हणायचं 'परवलीचा शब्द का?' तो म्हणेल, नाही हो, पासवर्ड."

तेव्हा मला राज्यव्यवहारकोश आठवला. शिवाजी महाराजांच्या दरबारानं कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द ठरवून दिले, त्यांचा तो कोश. एका राज्याच्या सगळ्या कागदांची भाषा एकसारखी करायचा एवढा जुना आणि एवढा विचारपूर्वक प्रयत्न दुसरा पटकन आठवत नाही. डबीर झाले सुमंत, सुरनीस झाले सचिव, मुजुमदार झाले अमात्य, सरनौबत झाले सेनापती. त्यातले सचिव आणि सेनापती आज आपल्या तोंडी इतके बसले आहेत की ते कधी कुणी मुद्दाम ठरवले होते हे आठवतही नाही. आणि पेशवे झाले पंतप्रधान. कोशात झाले. लोकांच्या तोंडी पुढची शंभराहून जास्त वर्षं पेशवेच राहिले, आणि आपणही आज पेशवेच म्हणतो. खुद्द राजानं ठरवलेल्या यादीची ही गत, तर माझ्या दोन पानांची काय कथा. 'पासवर्ड' राहिला. त्यानंतर मी एक पथ्य पाळलं: शब्द ठरवायचा तर आधी ताईंच्या शेजारी बसून चार फोन ऐकायचे.

आता कायदा विभागातल्या सरांबद्दल. 'सदर', 'विहित', 'कळविण्यात येते' या सगळ्याचा उगम तेच, असं मी धरून चालले होते. त्यांच्या खोलीत मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमच्या या ईमेलमध्ये पहिल्या ओळीत 'सदस्य', तिसरीत 'ग्राहक' आणि पाचवीत 'वापरकर्ता'. हे तीन वेगळे लोक आहेत का?"

मी म्हटलं, "नाही सर, तोच तोच शब्द वाईट दिसतो म्हणून…"

"कुणाला वाईट दिसतो?"

मला उत्तर देता येईना. निबंधाच्या वहीत बाईंनी एकाच शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती, तेव्हापासून माझ्या हातालाच ती खोड लागली होती. समानार्थी शब्द वापरा, शैली खुलते. सर मात्र वयाची तीस वर्षं असे करार लिहीत होते ज्यांत पहिल्या पानावर एक शब्द एकदा सांगितला की शेवटच्या पानापर्यंत त्याचा अर्थही बदलत नाही आणि त्याच्या जागी दुसरा शब्दही येत नाही. त्या इमारतीत शैली सांभाळणारा एकच माणूस होता, आणि मी त्यालाच सुधारायला गेले होते. 'थांबवा' आणि 'रद्द करा' यांची वाटणी पुढे मी त्यांच्याच टेबलावर बसून केली. थांबवलेलं सुरू होतं. रद्द केलेलं परत येत नाही. 'बंद' हा शब्द आम्ही फक्त दिव्यांसाठी ठेवला, असं ते म्हणायचे.

पण एका वाक्यावर आमचं बिनसलं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या वाक्यात होतं. नकाराचं पत्र. मूळ वाक्य: 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' माझं वाक्य: 'तुमचा अर्ज आम्ही मंजूर करू शकलो नाही.' त्यांनी 'आम्ही'वर बोट ठेवलं. "हे कशाला? कोणी केलं हे सांगायची गरज काय?"

मी म्हटलं, "स्वागताच्या पत्रात चार वेळा 'आम्ही' आहे सर. आम्ही आनंदी आहोत, आम्ही तुमच्यासोबत आहोत. तिथे तुम्ही हरकत घेतली नव्हती."

ते हसले. पण वाक्य सोडेनात. आपल्या मराठीत 'करण्यात आले', 'कळविण्यात येते' ही ताकाला तूर लागू न देणारी सोय फार पक्की आहे. काम झालेलं असतं, करणारा कुठेच नसतो. मी टेबलावरचे कागद पुन्हा चाळले तेव्हा एक गंमत दिसली. चांगली बातमी असेल तिथे सगळीकडे कर्ता होता. दर वाढले, सेवा तुटली, अर्ज फेटाळला, चूक झाली, अशा प्रत्येक ठिकाणी तो पळालेला. म्हणजे आमच्याकडे शैली दोन होत्या खऱ्या, पण त्या विभागांप्रमाणे पडल्या नव्हत्या. एक देताना वापरायची, एक काढून घेताना. त्या निवृत्त गृहस्थांना जो आवाज परका वाटला, तो हाच. भामट्याला तो जमला नाही याचं कारण साधं आहे: त्याला गोडच बोलायचं होतं.

साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचा गाभा असा की वाचणाऱ्याला हवं ते सापडावं, सापडलेलं कळावं आणि कळलेलं वापरता यावं. तेव्हा ते आमच्या हातात असतं तर मी सरांपुढे आपटलं असतं. पण नुसतं 'नामंजूर' वाचून माणूस काय वापरणार? शेवटी तडजोड झाली. 'आम्ही' राहिला, आणि त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: अर्ज का अडला आणि पुन्हा कधी करता येईल. ती ओळ मला सुचली नव्हती.

यानंतर वर्षभर सगळं छान चाललं. बटणं, बिलं, ईमेल, फोनवरची वाक्यं, सगळ्यांचा आवाज एक. मी खूश होते, जरा जास्तच. आणि मग ताई पुन्हा एकदा माझ्या टेबलाशी आल्या. या वेळी फोन नव्हता, छापलेला कागद होता.

एका मुलीनं वडिलांचं खातं रद्द करायला अर्ज केला होता. वडील वारले होते. सोबत दाखला जोडला होता. आमच्या यंत्रणेनं तिला पाठवलेलं उत्तर असं: 'नमस्कार! तुम्ही निघालात हे पाहून आम्हाला वाईट वाटलं. काही चुकलं का आमचं? परत यावंसं वाटलं तर दार उघडंच आहे!' आणि ते गेलं होतं वडिलांच्या नावानं.

दोन पानांतला एकही नियम त्यात मोडला नव्हता. 'तुम्ही' होतं, कर्ता होता, 'रद्द' आणि 'थांबवा' यांत गल्लत नव्हती, 'वाटलं'वर अनुस्वार होता. मजकूर मीच मंजूर केला होता, आणि मला आठवतं, 'दार उघडंच आहे' ही ओळ मंजूर करताना मी स्वतःवर खूश झाले होते.

मुलीनं रागानं काही लिहिलं नव्हतं. तिनं फक्त विचारलं होतं, 'हे कुणी वाचून पाठवलं का?'

मी नवं उत्तर लिहायला बसले. पाच-सहा मसुदे झाले. एक फार थंड, एक फार गळेपडू, एकात 'दुःखद निधन' आलं आणि मीच ते खोडलं. संध्याकाळी ताई निघायच्या आधी सहज म्हणून माझ्या मागे उभ्या राहिल्या, वाचलं आणि म्हणाल्या, "मी फोनवर काय बोलते ते लिहू का?" त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं. पाच ओळी:

'आपल्या वडिलांच्या निधनाची बातमी कळली. त्यांचं खातं आज रद्द केलं आहे. तुम्हाला अजून काही कागद द्यायचे नाहीत. त्यांच्या नावानं यापुढे आमच्याकडून काही येणार नाही. आधी गेलेल्या उत्तराबद्दल माफ करा.'

उद्गारचिन्ह नाही. 'नमस्कार' नाही. 'केलं आहे'ला कर्ता नाही. आणि पहिलाच शब्द 'आपल्या'. आमच्या कागदाप्रमाणे तिथे 'तुमच्या' हवं. मी कर्सर त्या शब्दावर नेला. 'तुमच्या वडिलांच्या' असं करून वाचलं. मग परत 'आपल्या' केलं. ज्या गोंधळापायी आम्ही तो शब्द हद्दपार केला होता, तुझे की आपले सगळ्यांचे, तो गोंधळ त्या एका ओळीत मला काढावासा वाटेना.

शेवटची ओळ तेवढी त्या मुलीपुरती होती. बाकीच्या चार तशाच नमुन्यात गेल्या. पुढे काही महिन्यांनी चमूत एक नवा मुलगा आला, हुशार, काटेकोर. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळा मजकूर दोन पानांशी ताडून पाहिला आणि चुकांची यादी घेऊन माझ्याकडे आला. यादी चांगली होती. एक 'अ' वर चंद्र ठेवलेला ॲपसुद्धा त्यानं पकडला होता. सगळ्यात खाली लिहिलं होतं: निधनाचा ईमेल, पहिली ओळ, 'आपल्या' राहिलंय, 'तुमच्या' करावं, शिवाय कर्ता नाही.

मी शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला म्हटलं, "बस जरा."